विंडोजच्या इन्स्टॉलेशन इमेजमध्ये अपडेट आधीच कसे भरायचे: पॉवरशेल स्क्रिप्टची रीत, नवशिक्यांसाठी

विंडोज टाकायला अर्धा तास पुरतो. वेळ खातात ते नंतरचे अपडेट. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. तेव्हा उतरवून ठेवलेली आयएसओ, म्हणजे विंडोज टाकायची इमेज फाइल, आज वापरली, तर मधल्या सगळ्या महिन्यांच्या दुरुस्त्या त्या मशीनला इंटरनेटवरून ओढाव्या लागतात. ताज्या एकत्रित अपडेटची फाइलच अनेकदा एक जीबीच्या वर जाते. घरात एक लॅपटॉप असेल तर काही बिघडत नाही, रात्री लावून झोपा. हा लेख तुमच्यासाठी नाही, असंही मी म्हणेन. पण शाळेची कॉम्प्युटर लॅब, सीएचं ऑफिस किंवा लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातलं दुरुस्तीचं दुकान असेल, तर एकाच ब्रॉडबँडवर वीस मशीन एकदम अपडेट मागायला लागल्या की दिवस हातचा जातो.

वेळेपेक्षा मोठं कारण सुरक्षेचं आहे. जुन्या इमेजवरून उभी राहिलेली मशीन पहिल्यांदा नेटवर्कवर येते तेव्हा तिच्यात जगजाहीर झालेली भोकं तशीच असतात. अपडेट इमेजमध्येच भरलेले असले, तर पहिल्या बूटपासून ती बुजलेली मिळतात.

यावर तयार उपाय म्हणून ‘अपडेटेड आयएसओ’ कुठल्या तरी टेलिग्राम चॅनलवरून उतरवणारे पुष्कळ आहेत. ते करू नका. त्या इमेजमध्ये अपडेटसोबत आणखी काय भरलंय, हे तुम्हाला तपासता येणार नाही. मूळ आयएसओ मायक्रोसॉफ्टची, अपडेटही मायक्रोसॉफ्टचेच आणि मधली कारागिरी आपली, एवढं सांभाळलं की झालं.

पुढची सगळी उदाहरणं विंडोज ११ च्या २४एच२, ६४-बिट आवृत्तीची आहेत. २५एच२ त्याच पायावर उभी असल्याने तिलाही हीच रीत चालते. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थात रोमन स्पेलिंग लागेल. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या आज्ञा लिहून चालवायच्या खिडकीत, ‘गेट-कमांड’ला डिस्म (इमेज हाताळणारं विंडोजचं साधन) या मॉड्यूलचं नाव दिलं की या सगळ्या आज्ञांची यादी समोर येते. नावाची पहिली काही अक्षरं लिहून टॅब दाबला की उरलेलं नाव पॉवरशेलच पुरं करतो.

आयएसओच्या पोटात काय असतं

आयएसओ उघडली की आत ‘सोर्सेस’ नावाचं फोल्डर दिसतं. त्यातल्या दोन फाइली आपल्या कामाच्या. पहिली ‘इन्स्टॉल.विम’. डिस्कवर जाऊन बसणारी खरी विंडोज हिच्यात असते. दुसरी ‘बूट.विम’. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केल्यावर जे निळं-जांभळं सेटअप दिसतं, ते हिच्यातून चालतं. बूट.विममध्ये दोन इमेज असतात. पहिली नुसती विंडोज पीई, म्हणजे छोटी कामचलाऊ विंडोज, आणि दुसरी सेटअपसह.

तिसरी इमेज लपलेली असते. इन्स्टॉल.विम उघडून आत विंडोज, सिस्टम३२, रिकव्हरी या वाटेने गेलं की ‘विनआरई.विम’ सापडते, मशीन बिघडल्यावर उघडणारा दुरुस्तीचा पडदा तो हाच. डब्यातला डबा म्हणा. बहुतेक नवशिके इन्स्टॉल.विम अपडेट करतात आणि ही विसरतात. ९ जानेवारी २०२४ ला विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हा अपडेट आला, तो नेमका याच दुरुस्ती-भागासाठी होता. ज्या मशीनचं रिकव्हरी पार्टिशन अपुरं होतं, तिथे तो ०एक्स८००७०६४३ असा एरर देऊन अडला आणि लोकांना पार्टिशन हाताने वाढवत बसावं लागलं. इमेजमध्येच विनआरई ताजी असेल तर नव्या मशीनवर अशी कामं कमी निघतात.

विम हा प्रकार विंडोज व्हिस्टापासून आला. एकच फाइल अनेक आवृत्त्यांत लागत असली तरी विममध्ये ती एकदाच साठवली जाते. म्हणून एका विममध्ये होम, प्रो, एज्युकेशन अशा कितीतरी आवृत्त्या मावतात. प्रत्येकीला एक क्रमांक असतो, त्याला इंडेक्स म्हणतात. त्याआधी, एक्सपीच्या काळात, सर्व्हिस पॅक थेट सीडीच्या फाइलींत मिसळत असत. त्याला स्लिपस्ट्रीम म्हणत, आणि एनलाइट नावाचं साधन त्यासाठी घराघरांत पोचलं होतं. जुनी मंडळी आजही या कामाला स्लिपस्ट्रीमच म्हणतात.

कधी कधी सोर्सेसमध्ये इन्स्टॉल.विमऐवजी ‘इन्स्टॉल.ईएसडी’ असते. मीडिया क्रिएशन टूलने बनवलेल्या पेनड्राइव्हवर हमखास असते. ईएसडी जास्त दाबलेली असते आणि ती उघडून तिच्यात बदल करता येत नाही. ‘एक्स्पोर्ट-विंडोजइमेज’ या आज्ञेने हवा तो इंडेक्स आधी विममध्ये काढून घ्यावा लागतो.

सामान

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हक्क असलेलं विंडोज मशीन हवं, आणि त्यावरची विंडोज इमेजइतकी नवी किंवा तिच्याहून नवी असलेली बरी. जुन्या विंडोजमधलं डिस्म नव्या इमेजवर वापरलं की विचित्र एरर येतात. नाइलाज असेल तर मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘असेसमेंट अँड डिप्लॉयमेंट किट’ उतरवा आणि त्यातलं डिस्म वापरा. शेवटी आयएसओ बनवणारं ‘ऑस्सीडीइमेज’ (oscdimg) ही त्याच किटमधून मिळतं, त्यामुळे ते तसंही लागणारच. पूर्ण किट घेऊ नका, इन्स्टॉल करताना फक्त ‘डिप्लॉयमेंट टूल्स’ला टिक करा.

डिस्कवर पन्नासेक जीबी जागा मोकळी ठेवा. ती एनटीएफएस या फाइल सिस्टमवर हवी आणि एसएसडीवर असेल तर उत्तम. साध्या हार्डडिस्कवर हे काम होतं, पण चहा दोनदा होतो. कामाचं फोल्डर वनड्राइव्हखाली किंवा डेस्कटॉपवर ठेवू नका. ड्राइव्हच्या मुळाशी छोट्या नावाचं फोल्डर करा, कारण इमेजच्या आतले पाथ लांबलचक असतात. त्यात सहा फोल्डर पुरतात: मूळ, मीडिया, अपडेट, माउंट, विनआरईसाठी दुसरं माउंट आणि लॉग. ‘मूळ’मधल्या आयएसओला कधीही हात लावायचा नाही.

अपडेट निवडणं: अर्धी लढाई इथेच

मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या संकेतस्थळावर आवृत्तीचं नाव टाकून शोधलं की लांबलचक यादी येते. तिच्यातून आपल्याला चार गोष्टी हव्यात.

पहिली म्हणजे महिन्याचा एकत्रित अपडेट, ‘क्युम्युलेटिव्ह अपडेट’. विंडोज १० पासून हा प्रकार रुळला. आधीच्या महिन्यांचं सगळं त्याच्यात असतं, म्हणून ताजा एक घेतला की मागचे गोळा करावे लागत नाहीत. पूर्वी त्याच्याआधी सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे अपडेट बसवणारी यंत्रणाच, वेगळी अपडेट करावी लागे. २०२१ पासून ती एकत्रित अपडेटच्या फाइलीतच येते. विंडोज ११ वर काम करणाऱ्याने ती वेगळी शोधत बसू नये.

दुसरी सेफ ओएस डायनॅमिक अपडेट, ही विनआरईसाठी. तिसरी सेटअप डायनॅमिक अपडेट; ही इमेजमध्ये जात नाही, हिच्या फाइली सरळ सोर्सेस फोल्डरवर ओतायच्या असतात. चौथी डॉटनेटचा, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या पायाभूत यंत्रणेचा, एकत्रित अपडेट. यादीत एआरएम६४ आणि एक्स६४ हे प्रोसेसरचे दोन प्रकार शेजारी शेजारी दिसतात (इथल्या उदाहरणांत एक्स६४), घाईत चुकीच्या ओळीवर क्लिक होतं. तसंच ‘प्रीव्ह्यू’ शब्द असलेले अपडेट सोडून द्या.

२४एच२ पासून एक नवी भानगड आहे, आणि जुने लेख वाचून काम करणारे इथेच अडखळतात. या आवृत्तीला ‘चेकपॉइंट’ अपडेट असतात. सप्टेंबर २०२४ चा केबी५०४३०८० हा पहिला चेकपॉइंट. त्यानंतरचे अपडेट त्याच्यापुढचा फरक तेवढा घेऊन येतात, म्हणून फाइल आटोक्यात राहते. पण इमेजमध्ये चेकपॉइंट नसेल तर नवा अपडेट बसणार कशावर? कॅटलॉगमध्ये डाउनलोड दाबल्यावर एकाऐवजी दोन किंवा जास्त फाइली दिसतात त्या यासाठी. सगळ्या उतरवा आणि ‘अपडेट’मधल्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये एकत्र ठेवा. त्या फोल्डरमध्ये दुसऱ्या अपडेटची कुठलीही एमएसयू फाइल ठेवू नका. स्क्रिप्टमध्ये मात्र फोल्डरचा नव्हे, सगळ्यात ताज्या फाइलीचा पाथ द्या. शेजारी पडलेले चेकपॉइंट डिस्म आपलेआप शोधून घेतं.

उतरवलेली फाइल धड आहे की नाही हे पाहायची सोपी सोय नावातच आहे. कॅटलॉगच्या फाइलनावात अंडरस्कोरनंतर जी अक्षर-अंकांची लांब माळ असते, तो त्या फाइलीचा शा-१ हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, असतो. ‘गेट-फाइलहॅश’ला शा-१ अल्गोरिदम सांगून निघालेलं उत्तर त्या माळेशी जुळवायचं. ही तुलना स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच टाका. अर्धवट उतरलेल्या फाइलीमुळे तासाभराने अपयश येण्यापेक्षा पहिल्या मिनिटाला स्क्रिप्ट थांबलेली परवडते.

स्क्रिप्ट कशासाठी

हे सगळं हाताने करता येतं. एकदा करूनही पाहावं, म्हणजे प्रत्येक आज्ञा काय करते ते कळतं. पण या कामात अवघड असं काही नाही, सांभाळायचा तो क्रम. काय आधी, काय नंतर, कुठल्या पायरीनंतर सेव्ह आणि कुठल्या अपयशानंतर डिस्कार्ड. दर महिन्याला तोच क्रम बिनचूक पाळणं माणसाला जमत नाही. म्हणून स्क्रिप्ट.

पॉवरशेलची साधी पीएस१ फाइल घ्या. वरच्या ओळींत सहा फोल्डरांचे पाथ आणि आवृत्तीचं नाव व्हेरिएबलमध्ये लिहा. खाली कुठेही पाथ थेट लिहायचा नाही. मग ‘एरर अ‍ॅक्शन प्रेफरन्स’ला ‘स्टॉप’ ही किंमत द्या. ही एक ओळ नसेल तर मधली आज्ञा फसली तरी स्क्रिप्ट पुढे धावत राहते आणि शेवटी तुमच्या हातात वरून छान दिसणारी, आतून अर्धवट इमेज येते. त्याखाली ‘स्टार्ट-ट्रान्स्क्रिप्ट’ला लॉग फोल्डरमधल्या फाइलीचा पाथ द्या, नावात तारीख घाला. स्क्रिप्ट चालवायला पॉवरशेल नकार देत असेल तर एक्झिक्युशन पॉलिसी फक्त चालू प्रोसेसपुरती सैल करा, मशीनभर नको.

क्रम, पायरी पायरीने

सुरुवात ‘माउंट-डिस्कइमेज’ने मूळ आयएसओ जोडून. तिला मिळालेलं ड्राइव्हचं अक्षर ‘गेट-व्हॉल्यूम’ने विचारून घ्या, ते दर वेळी तेच असेल असं धरू नका. आतलं सगळं मीडिया फोल्डरमध्ये कॉपी करा. आयएसओवरून आलेल्या फाइली रीड-ओन्ली असू शकतात, त्यामुळे कॉपीनंतर लगेच सगळ्यांचा तो गुण काढून टाका. नाहीतर इमेज माउंट करताना, म्हणजे बदल करण्यासाठी फोल्डरमध्ये उघडताना, परवानगी नसल्याची तक्रार येते आणि नवशिके अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हक्कांत चूक शोधत बसतात.

मग ‘गेट-विंडोजइमेज’ने इन्स्टॉल.विममधल्या आवृत्त्यांची यादी पाहा. प्रत्येक इंडेक्स वेगळा माउंट करून अपडेट करावा लागतो. दहा-अकरा आवृत्त्यांवर हे करत बसलात तर रात्र जाईल. हवे तेवढेच इंडेक्स ‘एक्स्पोर्ट-विंडोजइमेज’ने नव्या विममध्ये काढा आणि कुठला हवा ते सांगताना क्रमांकाऐवजी आवृत्तीचं नाव वापरा, कारण क्रमांक आयएसओगणिक बदलू शकतात.

इथे भारतातल्या वाचकांसाठी एक मुद्दा. आपल्याकडे विकले जाणारे पुष्कळ लॅपटॉप ‘होम सिंगल लँग्वेज’ या आवृत्तीसह येतात आणि तिची परवान्याची किल्ली मशीनच्या फर्मवेअरमध्येच भरलेली असते. सेटअप ती किल्ली वाचतं आणि न विचारता तीच आवृत्ती निवडतं. जागा वाचवायला तुम्ही फक्त होम आणि प्रो ठेवलीत, तर अशा लॅपटॉपवर सेटअप अडतं. दुकानदारांनी सिंगल लँग्वेज ठेवावीच. उलट, किल्ली होमची असताना प्रो टाकायची असेल, तर सोर्सेसमध्ये ‘ईआय.सीएफजी’ ही छोटी टेक्स्ट फाइल ठेवून सेटअपला आवृत्ती सांगता येते. प्रोचा परवाना अर्थातच वेगळा घ्यावा लागेल.

आता खरं काम. ‘माउंट-विंडोजइमेज’ने पहिला इंडेक्स माउंट फोल्डरमध्ये उघडा. आतली विनआरई.विम बाहेर कॉपी करून घ्या आणि ती दुसऱ्या माउंट फोल्डरमध्ये उघडा. तिला आधी एकत्रित अपडेट लावा. त्यातला सर्व्हिसिंग स्टॅकच इथे कामाचा असतो. मग सेफ ओएस अपडेट. दोन्हींना आज्ञा एकच, ‘अ‍ॅड-विंडोजपॅकेज’. नंतर ‘रिपेअर-विंडोजइमेज’ला ‘स्टार्ट कॉम्पोनंट क्लीनअप’ आणि ‘रीसेट बेस’ हे दोन पर्याय देऊन साफसफाई. ‘डिसमाउंट-विंडोजइमेज’ला ‘सेव्ह’ सांगून बंद करा आणि लगेच एक्स्पोर्ट करून नवी फाइल काढा.

एक्स्पोर्ट का, हा प्रश्न इथे पडायला हवा. विममध्ये बदल सेव्ह केले की नवा मजकूर भर म्हणून जोडला जातो, जुना मात्र फाइलीतून निघत नाही. साफसफाई करूनही विमचा आकार म्हणूनच कमी होत नाही. एक्स्पोर्ट केल्यावर लागेल तेवढंच नव्या फाइलीत जातं. विनआरईच्या बाबतीत हे टाळू नका. रिकव्हरी पार्टिशन लहान असतं.

ही ताजी विनआरई प्रत्येक इंडेक्सच्या आत तिच्या मूळ जागी परत ठेवायची. ती एकदाच तयार होते, कॉपी मात्र दर वेळी करावी लागते. मग त्या इंडेक्सला एकत्रित अपडेट, मग साफसफाई आणि शेवटी डॉटनेट. डॉटनेट शेवटी यायला कारण आहे. जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला डॉटनेट ३.५ लागतं, म्हणून बरेच जण ते इमेजमध्येच सुरू करून ठेवतात. पण ते सुरू केलं की इमेजमध्ये ‘पहिल्या बूटला पुरं करायचं’ असं काम शिल्लक राहतं, आणि शिल्लक काम असलेल्या इमेजवर साफसफाई चालत नाही. ०एक्स८००एफ०८०६ हा एरर येतो. तेव्हा आधी झाडलोट, मग डॉटनेट ३.५ आणि त्याचा अपडेट. ३.५ च्या फाइली आयएसओच्याच सोर्सेसमध्ये ‘एसएक्सएस’ फोल्डरात असतात, इंटरनेट लागत नाही.

मुख्य इमेजवर मी ‘रीसेट बेस’ वापरत नाही. त्याने जागा थोडी वाचते, पण आत बसलेला अपडेट नंतर काढता येत नाही. एखाद्या महिन्याच्या अपडेटने प्रिंटर बंद पाडला, की काढण्याची सोय किती मोलाची ते कळतं.

बूट.विमच्या दोन्ही इंडेक्सना एकत्रित अपडेट लावा, साफ करा, सेव्ह करा, एक्स्पोर्ट करा. दुसरा इंडेक्स बंद करण्याआधी एक काम: त्याच्या आतल्या सोर्सेसमधून ‘सेटअप.ईएक्सई’ आणि ‘सेटअपहोस्ट.ईएक्सई’ या दोन फाइली बाजूला काढून ठेवा. सेटअप डायनॅमिक अपडेटची कॅब फाइल ‘एक्सपांड’ने मीडियाच्या सोर्सेसमध्ये सोडल्यावर त्यावर या दोन फाइली ठेवायच्या. पेनड्राइव्हवरचं सेटअप आणि बूट.विममधलं सेटअप वेगवेगळ्या आवृत्तीचं राहिलं, तर इन्स्टॉल मध्येच कोसळू शकतं. मायक्रोसॉफ्टच्या नमुना स्क्रिप्टमध्येही ही पायरी आहे.

बूट.विम उघडीच आहे तर ड्रायव्हरचंही बघून घ्या. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही. एसएसडी खराब नसते, व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर सेटअपकडे नसतो. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर सुट्या फाइलींत उघडून, त्या फोल्डरसह ‘अ‍ॅड-विंडोजड्रायव्हर’ने बूट.विमच्या दुसऱ्या इंडेक्समध्ये आणि इन्स्टॉल.विममध्ये घातला, की हा त्रास कायमचा मिटतो. दुकानात काम करणाऱ्याला अपडेटपेक्षा कदाचित हाच भाग जास्त उपयोगी पडेल.

शेवटी इन्स्टॉल.विमचं एक्स्पोर्ट आणि मग ऑस्सीडीइमेज. त्याला दोन बूट फाइली सांगाव्या लागतात, जुन्या बायोससाठी ‘ईटीएफएसबूट.कॉम’ आणि नव्या मशीनवरच्या युईएफआयसाठी ‘ईएफआयसिस.बिन’. दोन्ही मीडियामधल्याच बूट फोल्डरांत असतात. फाइल सिस्टम युडीएफ ठेवा, कारण अपडेट भरलेली इन्स्टॉल.विम सहज ४ जीबीच्या वर जाते.

हीच ४ जीबीची मर्यादा पेनड्राइव्हवर आडवी येते. युईएफआयला फॅट३२ हमखास कळते, आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीची फाइल बसत नाही. ‘स्प्लिट-विंडोजइमेज’ला फाइलचा आकार ३८०० एमबी सांगितला की विमचे ‘एसडब्ल्यूएम’ तुकडे होतात. पेनड्राइव्हवर विमऐवजी हे तुकडे ठेवले तरी सेटअप ते स्वतः जोडून वाचतं. तुकडे करायचा कंटाळा असेल तर रूफस हे पेनड्राइव्ह बनवणारं साधन वापरा. ते पेनड्राइव्हवर एनटीएफएस ठेवून छोट्या बूट पार्टिशनने वाट काढतं.

अडलं तर

प्रत्येक माउंटभोवती ‘ट्राय’ आणि ‘कॅच’, म्हणजे चूक पकडायची पॉवरशेलची सोय, असू द्या. कॅचमध्ये ‘डिसमाउंट-विंडोजइमेज’ला ‘डिस्कार्ड’ सांगा आणि त्याखाली ‘क्लिअर-विंडोजकरप्टमाउंटपॉइंट’. एवढं केलं की अर्धी माउंट झालेली इमेज पुढच्या वेळी वाटेत येत नाही. ती तशीच राहिली तर दुसऱ्या वेळी ०एक्ससी१४२०१२७ दिसतो. ही इमेज आधीच उघडलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

०एक्ससी१४२०११७ म्हणजे माउंट फोल्डरमधली एखादी फाइल कुणीतरी धरून ठेवली आहे. हा कुणीतरी बहुतेक वेळा फाइल एक्सप्लोररची उघडी खिडकी किंवा अँटिव्हायरस असतो. खिडकी बंद करा, माउंट फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून तेवढ्यापुरतं वगळा आणि पुन्हा डिसमाउंट करा.

०एक्स८००एफ०८१ई आला तर अपडेट या इमेजला लागूच नाही. आवृत्ती किंवा एआरएम-एक्स६४ मध्ये गल्लत झाली असणार. ०एक्स८००एफ०८२३ म्हणजे इमेजमधला सर्व्हिसिंग स्टॅक जुना आहे, नव्याची मागणी आहे. विनआरई किंवा बूट.विमला एकत्रित अपडेट लावताना ०एक्स८००७००७ई दिसला तर घाबरून स्क्रिप्ट सोडू नका. एकत्रित फाइलींच्या बाबतीत ही माहीत असलेली अडचण आहे, आणि मायक्रोसॉफ्टची नमुना स्क्रिप्ट नेमका हाच एरर पकडून इशारा देऊन पुढे जाते. बाकी सगळे एरर मात्र थांबण्याजोगेच धरा. तपशील विंडोज फोल्डरातल्या लॉग्ज, त्यातल्या डिस्म फोल्डरच्या ‘डिस्म.लॉग’मध्ये असतो. तो खालून वर वाचायचा.

तयार झाल्यावर

पुन्हा ‘गेट-विंडोजइमेज’ला पाथ आणि इंडेक्स देऊन बिल्ड क्रमांक बघा. २४एच२ साठी तो २६१०० ने सुरू होतो, पुढचा आकडा त्या महिन्याच्या अपडेटच्या माहितीपानावर दिलेला असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. ही तुलनाही स्क्रिप्टनेच करावी आणि न जुळल्यास आयएसओ बनवूच नये. मग हायपर-व्हीमध्ये (विंडोजच्या आत दुसरं मशीन चालवायची सोय) एक दुसऱ्या पिढीचं व्हर्च्युअल मशीन उभारा, त्यात टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप) सुरू करा, नेटवर्क तोडून विंडोज टाका. इन्स्टॉल पुरं होऊन डेस्कटॉप आला, अपडेटच्या इतिहासात तो केबी क्रमांक दिसला आणि ‘रीएजंटसी’ला माहिती विचारल्यावर विनआरई चालू असल्याचं कळलं, की इमेज वापरायला मोकळी.

विंडोजच्या अँटिव्हायरसच्या, म्हणजे डिफेंडरच्या, व्याख्या एकत्रित अपडेटमध्ये येत नाहीत. इमेजसाठी मायक्रोसॉफ्ट त्यांचा वेगळा संच देतं, सोबत आपली पॉवरशेल स्क्रिप्टही. मायक्रोसॉफ्टचा सल्ला दर तीन महिन्यांनी तो भरण्याचा आहे.

पुढच्या महिन्यात गेल्या महिन्याची इमेज पुढे ओढण्याचा मोह होईल, वेळ वाचेल असं वाटेल. नका करू. दर वेळी ‘मूळ’मधल्या आयएसओपासूनच सुरुवात करा. एकत्रित अपडेटमुळे मागचं काही गमवायचं नसतंच, आणि एकावर एक थर चढवलेल्या इमेजमध्ये चूक नेमकी कुठल्या महिन्यात शिरली हे शोधणं अशक्य होतं. मायक्रोसॉफ्टनेच नव्या अपडेटसह ताजी आयएसओ दिली, तर ‘मूळ’मधली तेवढी बदला.

मायक्रोसॉफ्टचे अपडेट २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे उन्हाळी वेळेत रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. त्याच रात्री इमेज बनवायची घाई नको. आठवडाभर थांबा, त्या अपडेटच्या माहितीपानावर ज्ञात अडचणींत काय भर पडते ते पाहा आणि मग टास्क शेड्यूलरला तिसऱ्या मंगळवारची रात्र द्या, ‘सर्वोच्च हक्कांसह चालवा’ला टिक करून. कॅटलॉगमधून फाइली उतरवून अपडेट फोल्डरमध्ये ठेवणं मात्र मी हातानेच करतो. कुठला अपडेट आत जातोय याची निवड माणसाच्या नजरेखालून जावी, असं माझं मत आहे. आयएसओच्या नावात आवृत्ती, बिल्ड आणि महिना लिहा, मागची एक जपून ठेवा, त्याआधीच्या पुसून टाका.